फिश टँकमध्ये घरी केलेला किल्ला कशानं चिकटवायचा? फेविक्विक चालेल का?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टाकीत मुलानं केलेला छोटा किल्ला बसवायचा आहे, आणि दुकानदार म्हणतो घरचं काही घालू नका, मासे मरतील. फेविक्विकचं पुढे सांगतो. आधी दुकानदाराच्या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून दर दिवाळीला ऐकतो आणि ते चूक आहे.

आमचा भाचा लहान असताना दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या डोक्यात आलं की अंगणातला किल्ला दरवर्षी मोडावा लागतो, तर एक कायमचा राहील असा टाकीत करू. पन्हाळ्याचा तीन दरवाजा आणि दोन बुरूज, एवढंच. राजारामपुरीत त्यांच्या घरी तीन फुटी टाकी होती, मोली, गप्पी आणि एंजल सोडलेले. पोराची कल्पना फार चांगली होती, हे मी आजही म्हणतो. दाजींनी मनावर घेतलं आणि एका दुपारी काम उरकलं. टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल कापलं, त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा हात मारला, वर ऑइल पेंट, आणि बाथरूमच्या कामातली उरलेली सिलिकॉनची ट्यूब वापरून तळाच्या काचेला चिकटवलं. संध्याकाळी पाणी भरून मासे सोडले. सकाळी किल्ला वर तरंगत होता, पाणी ताकासारखं झालं होतं आणि एंजल तळाला आडवे पडले होते. पोरगं दिवसभर धड जेवलं नाही.

दाजींचा निकाल तेव्हाच लागला. “सिलिकॉन विषारी असतंय मेव्हणं. टाकीत घरचं काय घालायचं नाही, दुकानातलंच आणायचं.”

मी तेव्हाही म्हटलं होतं, दाजी, तुमची टाकीच सिलिकॉननं जोडलेली आहे. पाच काचा आणि त्यांच्यामधला तो पट्टा, दुसरं काही नाही. मासे त्याच्याच आत राहतात. फरक ट्यूबमध्ये आहे. बाथरूमसाठी जे सिलिकॉन मिळतं त्यात बहुतेक वेळा काळी बुरशी धरू नये म्हणून बुरशीनाशक घातलेलं असतं. ट्यूबवर ‘अँटी-फंगल’ असं काही लिहिलं असेल तर ती टाकीसाठी नाही. ‘१०० टक्के सिलिकॉन’ हवं, शक्यतो अ‍ॅक्वेरियमसाठी असं स्पष्ट लिहिलेलं. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो तो अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा. सिलिकॉन आतपर्यंत वाळलं की तो जातो. वास येतोय तोवर पाणी भरायचं नाही.

आणि वाळायला वेळ लागतो. वरून हाताला कोरडं लागतं, पण दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटरच आत वाळत जातं. बोटाएवढा गोळा लावलात तर आठवडा धरा. ते हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात लवकर होतं आणि दिवाळीच्या कोरड्या हवेत जरा हळू. दगड मात्र पूर्ण सुका लागतो. पंचगंगेतनं आणलेला गोटा वरून सुका दिसला तरी चार ऊन दाखवल्याशिवाय त्याला काही लावू नका.

बाकीच्या दोन गोष्टी सिलिकॉनच्या माथी मारण्यात काहीच अर्थ नाही. एक लिटर आकारमानाचं थर्माकोल पाण्याखाली जवळजवळ एक किलोच्या जोरानं वर उचलतं. न वाळलेला जोड ते काय धरणार? आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस घट्ट झाल्यावर जिप्सम होतं, ते लिटरला साधारण दोन ग्रॅम विरघळतं. त्याच्यावर कितीही रंग मारा, एक चीर पडली की झिरपायला सुरुवात. पाणी पांढरं झालं ते त्यामुळे.

पुढच्या सुट्टीत भाच्याला घेऊन मी तोच किल्ला केला, दाजींचा विरोध असताना. पाथरवटाकडं पाटे-वरवंटे घडवताना ज्या काळ्या दगडाच्या कपच्या पडतात त्या मागून आणल्या. हा बेसाल्ट, पाण्याला काही करत नाही. मात्र त्यात कधी पांढऱ्या शिरा किंवा स्फटिक असतात, तिथं व्हिनेगरचा थेंब टाकून बघायचा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो तुकडा बाजूला. (गडावरचा दगड उचलून आणू नका. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण यादीत नसता तरी मी हेच सांगितलं असतं.)

बेसला काय घ्यायचं यावर परत वाद झाला. दाजी म्हणाले, ओट्याचा उरलेला कडाप्पा घ्या, तोही काळाच आहे. मी त्याची कड खरवडून व्हिनेगर टाकलं आणि बारीक फेस त्यांना दाखवला. कडाप्पा, शहाबादी, कोटा, तिन्ही चुनखडीचेच दगड. पाणी हळूहळू जड करतात, म्हणजे त्यातले क्षार वाढवतात, शिवाय वासाचं सिलिकॉन त्यांच्यावर नीट धरत नाही, कारण त्यातलं अ‍ॅसिड चुन्याशी लागतं. शेवटी काचवाल्याकडनं जाड काचेचा तुकडा कडा घासून आणला.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. किल्ला चिकटवून उभा करायचा नसतो. आधी नुसत्या कपच्या एकावर एक रचा आणि हातानं ढकलून बघा. स्वतःच्या वजनावर उभा राहिला की मग सुटा करून त्याच क्रमानं सिलिकॉन लावा. सिलिकॉनचं काम फक्त घसरू न देण्याचं. सगळं टाकीबाहेर, बेसवर. नंतर टाकीच्या तळाला प्लॅस्टिकची जाळी टाकून त्यावर बेस ठेवायचा आणि शेवटी वाळू. वाळूवर किल्ला ठेवला तर उकरणारा मासा तो एक दिवस पाडतोच, आणि फ्लॉवरहॉर्न असेल तर त्याच आठवड्यात. रंग लावू नका. ओल्या सिलिकॉनवर धुतलेली सुकी बारीक वाळू दाबली की जोड दिसत नाहीत, तटबंदी खरी वाटते. भाच्यानं हे काम फार मन लावून केलं होतं.

तो किल्ला अजून त्याच टाकीत आहे. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे. दाजी अजून म्हणतात की नशीब चांगलं होतं. नशिबाचा इथं काही संबंध नाही. ट्यूब कोणती, वाळायला वेळ किती आणि दगड कोणता, एवढाच हिशोब आहे, आणि दुकानातल्या रंगीत खेळण्यालाही तोच लागू आहे. त्याचाही रंग सुटतो, मी पाहिलंय.

फेविक्विक: घट्ट झालं की माशांना त्रास नाही. त्यातलं सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्यानंच घट्ट होतं, म्हणून दगडावर मॉस किंवा अनुबियाससारख्या पाणवनस्पती लावायला ते उत्तम. पण जोड ठिसूळ असतो, झटका बसला की सुटतो, आणि पांढरा डाग राहतो. बुरुजासाठी नको. फटीत कापूस भरून त्यावर थेंब सोडायची युक्ती लोक करतात, चालते, पण कापूस चटकन तापतो आणि वाफ डोळ्यांना झोंबते, तेव्हा मुलाच्या हातात देऊ नका.

मावळ्यांची चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, बाहेरच ठेवा, ती बहुतेक प्लॅस्टरची आणि रंगवलेली असतात. महाराजांची मूर्ती तर पाण्यात घालूच नये, ते मला पटत नाही. तारेनं काही बांधणार असाल तर तांब्या-पितळेची नको, कोळंबी आणि गोगलगायी त्यानं आधी जातात. दरवाजाची कमान एकतर मासा सहज आरपार जाईल एवढी मोठी किंवा त्याचं डोकंही शिरणार नाही एवढी लहान ठेवा, मधल्या मापात मासा अडकतो. कपच्यांची धार पॉलिश पेपरनं मोडा, विशेषतः फायटर किंवा लांब शेपटीचे मासे असतील तर.

मासे कोणते ते तुम्ही लिहिलेलं नाही. गप्पी-मोली असतील तर थोडं जड पाणी त्यांना चालतं, चुन्याचा एखादा तुकडा नजरेतून सुटला तरी लगेच बिघडत नाही. टेट्रा किंवा डिस्कस असतील तर एकेका कपचीला व्हिनेगर लावून बघितल्याशिवाय टाकीत घालू नका.