आधी माझं बस्तान बसू दे, मग…

“मॅडम, लोकांसाठी काहीतरी करायचंय हो. पण आधी माझं बस्तान बसू दे.”

मी समुपदेशक. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने ‘पण’ म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. बोलणारे बहुतेक पंचविशी ते बत्तिशीतले. नोकरी चांगली, कामात हुशार. बस्तान म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर उत्तर दरवेळी थोडं पुढे सरकतं. आधी नोकरी कायम होऊ दे, मग बढती, मग कर्ज फिटू दे, मग मुलं जरा मोठी होऊ देत. यात लबाडी नसते. आपमतलबी माणसाला ही टोचणीच लागत नाही आणि तो माझ्यापर्यंत येतही नाही. ही मंडळी येतात झोपेची, चिडचिडीची तक्रार घेऊन, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीत हळूच हे वाक्य टाकतात.

आज एकीबद्दल लिहिते. तिची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि सात-आठ महिन्यांच्या भेटी इथे दोन-चार प्रसंगांत बसवल्या आहेत.

वय अठ्ठावीस, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. रविवारी दुपार कलली की छातीत धडधडायला लागायचं. “सोमवार येतोय एवढंच कारण,” ती म्हणाली. डॉक्टरांकडून तपासण्या झाल्या होत्या, त्यात काही निघालं नव्हतं.

समाजकार्याचा विषय तिनेच काढला, तोही तक्रार म्हणून. कंपनीने वर्षातून एकदा झाडं लावायला नेलं होतं. सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, हातात फावडी, तासभर फोटो. “मी विचारलं, उन्हाळ्यात याला पाणी कोण घालणार? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच सोहळ्याचा विचका केला.”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? बसमध्ये येऊन बसले. पण घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. चूक दाखवता येते, करता काहीच येत नाही. आणि करायचं म्हटलं तरी वेळ कुठंय?”

वेळेच्या मुद्द्यावर मी सहसा वाद घालत नाही. माणूस वेळ नाही म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच तसं वाटत असतं. पण ही बाई आकड्यांतली, म्हणून तिला २०१२ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन सांगितलं. त्यातल्या एका प्रयोगात काही जणांना एका शाळकरी मुलाचा निबंध सुधारून द्यायला सांगितलं, तर बाकीच्यांना काम संपलं म्हणून लवकर घरी सोडलं. नंतर विचारल्यावर आपल्याकडे वेळ जास्त आहे असं कुणाला वाटलं? निबंध तपासत बसलेल्यांना. फुकटचा वेळ हाती आलेल्यांना नाही.

“किती जणांवर केला होता प्रयोग?” तिने लगेच विचारलं. टेस्टरच ती.

इथवर ठीक होतं. त्यानंतर मी एक चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी तिला तिच्या कौशल्याचं काम सुचवलं. सगळे हेच सांगतात ना, जे येतं ते समाजाला द्या. एका छोट्या संस्थेच्या वेबसाइटमध्ये सतरा भानगडी होत्या, ती तिथे जाऊ लागली. महिनाभराने आली तेव्हा डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने त्यांना एकशे बारा चुकांची यादी करून दिली होती. ते बिचारे दोघंच, त्यांनी हात जोडले आणि यादी बाजूला ठेवली. “तिकडे पगार घेऊन चिडत होते, इकडे फुकट चिडतेय,” ती म्हणाली.

मी घरी जाऊन बराच वेळ विचार करत बसले. कौशल्य देण्याला माझा विरोध नाही. सनदी लेखापालाने संस्थेचे हिशेब बघावेत, वकिलाने अर्ज लिहून द्यावेत, त्याची गरज मोठी आहे. पण ज्याला त्याच कामाने पिळून काढलंय, त्याला शनिवारी पुन्हा त्याच घाण्याला जुंपायचं? ऑफिसातली ती आणि संस्थेतली ती एकाच खुर्चीत बसली होती. तपासणारी, वरून बघणारी.

पुढच्या भेटीत मी विचारलं, “चुका दिसल्या तरी ज्यात सुधारायची मुभाच नाही, असं एखादं काम करशील?”

“असं काम असतं?”

असतं. अंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेत लेखनिक होणं. विद्यार्थी तोंडाने उत्तर सांगतो, लेखनिक ते कागदावर उतरवतो. खऱ्या परीक्षेत लेखनिकाचं शिक्षण किती असावं, विषय कोणता नसावा, याचे नियम असतात. म्हणून तिला आधी सराव परीक्षांसाठी बसवलं. पहिल्या दिवशी तिथल्या ताईंनी तासभर शिकवलं. प्रश्न दोनदा, एकाच लयीत वाचायचा. पर्याय वाचताना बरोबर पर्यायावर आवाज जड होऊ द्यायचा नाही. आकृती असेल तर दिसतं तेवढंच सांगायचं, त्यातून काय निघतं ते नाही. आणि विद्यार्थी जे बोलेल तेच लिहायचं. चुकीचं असेल तर चुकीचं.

हा शेवटचा नियम ऐकून ती हसली होती. पहिल्या पेपरला हसू पळालं.

त्या पेपरनंतरची भेट मला शब्दन् शब्द आठवते. ती आली ती बोलतच आली. “मॅडम, तो मुलगा टक्केवारीचं गणित तोंडी करत होता. मधे हातचा विसरला. मला दिसत होतं! उत्तर चुकणार, गुण जाणार. आणि मला तेच लिहायचं होतं.”

“लिहिलंस?”

“लिहिलं. पण हात अडला. दोन सेकंद असेल. मग लिहिलं.” ती थांबली. “पेपर झाल्यावर मी त्याला म्हटलं, अरे, तो हातचा राहिला रे. तर म्हणतो कसा, मला कळलं होतं. तुमचं पेन थांबलं ना, तेव्हाच कळलं. पण तो तुमचा इशारा झाला, म्हणून मी उत्तर बदललं नाही. ताई, पुढच्या वेळी पेन थांबवू नका.”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता रडली. “माझ्यातली चूक काढली त्याने. आणि मला राग नाही आला. मॅडम, तीन तास मी कुणालाच सुधारलं नाही. कधी झालंय असं?”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. समुपदेशकाने श्रेय घेऊ नये म्हणतात. पण त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले, रिक्षा केलीच नाही, एवढं कबूल करते.

माझी वैचारिक बैठक ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर यांची (१८७०–१९३७). माणसाचं मन ते समाजाशी असलेल्या नात्यातून बघत. खचलेल्या रुग्णांना ते एक चमत्कारिक वाटावा असा उपाय सांगायचे: आज कुणाला आनंद कसा देता येईल, याचा रोज विचार करा. रुग्ण म्हणे, मला माझ्याच काळज्या पुरून उरल्यात. त्यावर अॅडलर काळजी सोडायला सांगत नसत. काळजी करत राहा, पण करता करता अधूनमधून दुसऱ्याचाही विचार करा, म्हणत. बस्तान बसेपर्यंत थांबणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं. ‘आधी’ आणि ‘मग’ अशी रांग लावायची गरजच नाही. दोन्ही एकाच आठवड्यात मावतात.

पण या मुलीने मला अॅडलर नव्याने शिकवले. बरोबरीच्या नात्यावर त्यांचा भर असे, हे मी कितीदा वाचलं होतं. मदत म्हटली की एक हात वर आणि एक खाली, हे आपण गृहीतच धरतो. आपल्या तरुण मुलांचा सगळा दिवस कुणाच्या तरी वर किंवा खाली जातो. रेटिंग, बढती, क्रमवारी. शनिवारीही ‘देणारा’ बनून वर बसायचं असेल, तर विसावा कसला? तो मुलगा तिला घेणाऱ्याच्या जागेवरून बोललाच नाही. परीक्षा त्याची होती, सूत्रं त्याच्या हातात होती, ती त्याचा हात होती.

म्हणून आता कुणी विचारलं की मी पहिली कसोटी हीच सांगते: जिथे लोक तुम्हाला ‘असं नको, तसं करा’ म्हणू शकतील अशी जागा शोधा. जिथे नुसते आभार मानले जातात तिथे दोन महिन्यांत कंटाळा येतो.

बाकी गोष्टी साध्या आहेत. जागा घराजवळची हवी, शक्यतो पायी जाता येईल अशी. प्रवासातच जीव गेला तर पहिल्या पावसात नागा पडतो. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असं कबूल करू नका, वार ठरवा. आठवड्याला दोन तास पुष्कळ. वयस्कर स्वयंसेवकांच्या काही अभ्यासांत वर्षाला साधारण शंभर तासांपर्यंत फायदा दिसला, त्याच्या कितीतरी पट राबल्याने तो तितक्या पट वाढला नाही. ते अभ्यास तुमच्या वयाचे नाहीत, पण हिशेब दोन तासांचाच निघतो. तीन महिन्यांचा शब्द द्या, जमलं नाही तर आधी सांगून बाहेर पडा. न सांगता गायब होणारा स्वयंसेवक संस्थेला सगळ्यात महागात पडतो. मुलांबरोबर काम असेल आणि संस्थेने ओळखपत्र, चौकशी, कागदपत्रं मागितली तर नाक मुरडू नका. जी संस्था काहीच विचारत नाही, तिथे मीच तुम्हाला पाठवणार नाही.

आणि एक इशारा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतंय, अशा वेळी आधी डॉक्टर. स्वयंसेवा हे औषध नाही. कामाचा ताण अन्यायाचा असेल तर तो शनिवारच्या दोन तासांनी धुवून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याची, व्याख्या करताना त्याचं नातं कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणाशीच जोडलं. तेव्हा साहेबाशी बोलायचं ते बोलावंच लागतं. तीही बोलली, पण ती गोष्ट वेगळी.

एकदा तिने विचारलं, “मी तिथे माझ्या झोपेसाठी जाते. हा स्वार्थ नाही का?” याच विषयावरचं २०१२चंच आणखी एक संशोधन मला माहीत होतं. ज्येष्ठ स्वयंसेवकांत जे दुसऱ्यांसाठी जात त्यांचा मृत्युदर कमी दिसला, स्वतःच्या फायद्यासाठी जाणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. मी ते तिला प्रामाणिकपणे सांगितलं. मग म्हटलं, “तरी जा. हेतू पहिल्या दिवशी शुद्ध असायलाच हवा असं नाही. त्या मुलाला तुझा हेतू तपासायचा नाहीये, त्याला पेपर सोडवायचाय.”

रविवारची धडधड पूर्ण गेलेली नाही. कमी झालीय, असं ती म्हणते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, आमची शनिवारची भेट पुढे ढकलता येईल का म्हणून. सराव पेपर होता.

“आता पेन थांबतं का?” मी विचारलं.

“पेन नाही थांबत. पण चूक दिसली की माझा पाय हलतो म्हणे. तेही त्याला ऐकू येतं.”