गाळ्याची दुसरी चावी कोणाकडे?

या वेळी धंद्याबद्दलची पत्रं बरीच आली, त्यातली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली कारण तसाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : साकीनाक्याला माझा टर्निंग-मिलिंगचा गाळा आहे, १४ वर्षं झाली. चार माणसांवर सुरू केला, आज नऊ आहेत आणि गेली सात-आठ वर्षं नऊच आहेत. काम येतं, पार्ट्या परत पण येतात, पण मी गाळ्यात नसलो की काहीतरी बिघडतंच. मुलगा आयटीत आहे, तो धंद्यात येणार नाही असं त्याने सरळ सांगितलंय. बँकवाला म्हणतो लोन घ्या, सीएनसी टाका, धंदा डबल होईल. घेऊ का? (एक वाचक, साकीनाका)

दादा, सीएनसीचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, नंतर बोलू. आधी ते "मी नसलो की बिघडतंच" बघू, कारण मला वाटतं गाडी तिथे अडकलीय.

तुम्ही डहाणू लोकल पकडून बोईसरला उतरलात की तारापूर एमआयडीसी. तिथे आणि पुढे गुजरात हद्दीतल्या उंबरगावात कापड विणणाऱ्या फॅक्टऱ्यांवर २००८ पासून एक मोठा अभ्यास झाला, स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, वर्ल्ड बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी केलेला, २०१३ मध्ये छापून आला. १७ फर्म, त्यांचे २८ प्लांट. काही प्लांटना पाच महिने फुकटात मोठ्या कंपनीचे सल्लागार दिले, बाकीच्यांची फक्त महिनाभर तपासणी केली आणि मग दोघांची तुलना केली. आता या फर्म तुमच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, सरासरी अडीचशेच्या वर माणसं, पण आतली परिस्थिती वाचली तर तुम्हाला ओळखीची वाटेल. सुताचे ढीग पडलेत आणि त्यावर लेबल नाही, कुठलं मशीन किती वेळा बंद पडलं त्याची नोंद नाही, खराब माल निघाला तर तो दुरुस्त करून पुढे पाठवायचा पण कशामुळे खराब झाला ते कोणी लिहून ठेवत नाही. सल्लागारांनी नवीन मशीन काही आणलं नाही. ३८ साध्या सवयींची यादी केली, म्हणजे रोज मशीन पुसणं, बंद पडण्याची वही, डिफेक्टची वही, स्टॉकची मोजणी, सकाळी सगळ्यांनी मिळून ती आकडेवारी बघणं. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांत त्या फर्मनी इतरांपेक्षा जास्त नवे प्लांट उघडले.

मग हे मालक आधीच का करत नव्हते? त्यातले बरेच म्हणत होते आमची क्वालिटी चांगलीच आहे, गिऱ्हाईक घेतं ना. म्हणजे अडचण पैशाची नव्हती, आपल्याकडे काही कमी आहे हेच माहीत नव्हतं.

पण मला त्या अभ्यासातली सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट वेगळी आहे. फर्म किती मोठी होणार हे कशावरून ठरत होतं, तर घरात पुरुष किती आहेत यावरून! दोन भाऊ तर दोन प्लांट, तीन मुलगे असतील तर तिसरा प्लांट. मॅनेजर हुशार असला तरी बाहेरचा, त्याच्या हातात खरेदी द्यायची नाही, पगार ठरवायला द्यायचा नाही, कारण चोरी करेल, आणि पकडला तरी कोर्टात वर्षानुवर्षं काही होणार नाही ही भीती. आणि भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

माझ्या वडलांचा खेतवाडीत छपाईचा लहानसा प्रेस होता. पाच माणसं, लग्नपत्रिका, बिलबुकं, दिवाळीत शुभेच्छापत्रं. कपाटाची चावी आणि कोणाला काय भाव सांगायचा हे फक्त त्यांच्या डोक्यात. एका वर्षी त्यांना कावीळ झाली आणि ऐन लग्नसराईत प्रेस दोन महिने जवळपास बंद राहिला, कंपोझिटर काका रोज येऊन बसायचे आणि परत जायचे, कारण भाव सांगायचा अधिकारच त्यांना नव्हता. ते काका वडलांबरोबर २२ वर्षं होते. हे मला अजून लागतं.

तुमचा मुलगा येणार नाही म्हणजे तुमच्या घरातली मोजणी एकावर थांबलीये, म्हणून नऊचे नऊ. हे तुमच्या एकट्याचं पण नाही, चँग-ताई शे आणि पीटर क्लेनाऊ या दोघा अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं की अमेरिकेत ४० वर्षं टिकलेला कारखाना नव्या कारखान्याच्या सातपटीहून जास्त माणसं ठेवतो आणि भारतात जेमतेम दुप्पट. आपल्याकडे धंदा टिकतो पण वाढत नाही.

तर करायचं काय. गाळ्यात सगळ्यात जुना, भरवशाचा माणूस कोण ते तुम्हाला माहीतच आहे. त्याला एक मर्यादा ठरवून द्या, समजा दहा हजारापर्यंतच्या जॉबचा भाव तो सांगेल, तुम्हाला फोन न करता, आणि टूल-इन्सर्टची खरेदी महिन्याला अमुक रुपयांपर्यंत तो करेल. त्याच्यासोबत तीन वह्या सुरू करा : कुठला जॉब रिजेक्ट होऊन परत आला आणि का, कुठलं मशीन किती तास बंद होतं, स्टॉकमध्ये मटेरियल किती. वही असली की त्याच्यावर लक्ष ठेवायला तुम्ही तिथे उभं राहायची गरज नाही, आणि उद्या काही कमी भरलं तर त्यालाही स्वतःची बाजू दाखवता येते, विश्वास असा कागदावरून पण वाढतो. मग चार दिवस गावाला जा. पहिल्यांदा बिघडेल. परत जा.

एक सावधगिरी. तेच संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत त्या फॅक्टऱ्यांत गेले तेव्हा सुरू केलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या, प्लांट मॅनेजर बदलला म्हणून किंवा मालकाला वेळ राहिला नाही म्हणून. तरी ज्यांना मदत मिळाली होती ते बाकीच्यांच्या पुढेच होते. म्हणजे वही एकाच माणसाची ठेवू नका, दोघांना शिकवा.

आणि सीएनसी? तुमच्याशिवाय गाळा आठवडाभर नीट चालला की घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना तारण न देता कर्ज मिळावं म्हणून सीजीटीएमएसई नावाचा गॅरंटी ट्रस्ट २००० पासून आहे, एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा १० कोटी झालीये, त्यामुळे घर गहाण टाकायच्या आधी बँकेला या गॅरंटीबद्दल विचारा. फक्त एक लक्षात ठेवा, ती गॅरंटी बँकेला असते, तुमचं कर्ज त्याने माफ होत नाही. आत्ता मशीन घेतलं तर हप्ता सुरू होईल आणि त्याच्यासमोर उभे पण तुम्हीच असाल.

प्रश्न : मी विक्रोळीला चाळीत राहते, घरून चकली, पुरणपोळी आणि मसाले करते. ऑर्डर घेऊन पुऱ्या होत नाहीत इतकी मागणी आहे पण किचन दहा बाय दहाचं. मुद्रा लोन घेऊन भाड्याने जागा घ्यावी का? घरातले म्हणतात एवढं लोन घेतलंयस तर थोडे पैसे ह्यांच्या रिक्षाला पण लावू. (एक भगिनी, विक्रोळी)

ताई, आधी रिक्षाचं. श्रीलंकेत छोट्या धंदेवाल्यांना थेट पैसे देऊन बघितलं तेव्हा पुरुषांच्या धंद्यात नफा चांगला वाढला आणि बायकांच्या धंद्यात वाढलाच नाही, त्यावरून लोक म्हणायला लागले की बायकांना धंदा वाढवता येत नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी भारत, घाना, श्रीलंका तिन्हीकडची माहिती उलगडून बघितली तर निघालं काय, की पैसा बाईच्या नावावर येत होता आणि बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्यात जात होता, आणि ज्या घरात बाईचाच एकटीचा धंदा होता तिथे तो व्यवस्थित वाढला होता. तुमची चकली विकली जातेय, तर लोन चकलीत लागू दे. रिक्षाला पैसे हवेत तर त्याचं वेगळं लोन होतं, हे घरात शांतपणे पण स्पष्ट सांगा, आणि मी हे पूर्ण तुमच्या बाजूने सांगतेय.

भाड्याची जागा मात्र लगेच नको. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आज लिज्जत. त्यांच्याकडे पण मोठी जागा नव्हतीच, आणि वाढले तरी त्यांनी मुंबईत हजारो बायका बसतील असा हॉल बांधला नाही. मळलेलं पीठ शाखेतून न्यायचं, पापड घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी तपासून जमा करायचे, पैसे घ्यायचे. माप, जाडी, चव एक राहावी म्हणून पीठ एकाच ठिकाणी. तुम्ही पण हेच लहान प्रमाणात करून बघा, भाजणी आणि मसाला तुमच्याच हातचा, चकली पाडून तळायचं काम चाळीतल्या दोघींना वजनावर द्या. तुमचं गुपित तुमच्याकडेच राहतं आणि किचन मात्र तीन होतात. एफएसएसएआयच्या, म्हणजे खाण्याच्या मालाच्या सरकारी नोंदणीचं मात्र माल कुठे कुठे बनतोय ते सांगून आधी नीट विचारून घ्या.

मुद्रामध्ये शिशु ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत. तुम्हाला मोठं ग्राइंडर, फ्रायर, पॅकिंग मशीन एवढंच लागणार असेल तर छोटीच रक्कम घ्या. आणि पहिला हप्ता दोन महिन्यांनी सुरू होईल का ते बँकेत विचाराच. कोलकात्यात बायकांच्या छोट्या कर्जांवर नेमकं हेच करून बघितलं होतं, काहींना दोन आठवड्यांत हप्ता, काहींना दोन महिन्यांची सवलत. सवलतवाल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा जास्त होता. हप्ते बुडायचं प्रमाण पण त्यांच्यात बरंच वाढलं हेही खरं, म्हणून ज्या महिन्यात दिवाळीचे पैसे हातात येतात त्याच्या आसपास हप्ता सुरू होईल असं बघा.

हिशोबाचा कोर्स करू का असं पण तुम्ही विचारलंय. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये काही दुकानदारांना पूर्ण अकाउंटिंग शिकवलं आणि काहींना फक्त सोपे नियम, जसं की घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खणात. सोप्या नियमवाल्यांचा फायदा जास्त झाला. तर दोन डबे ठेवा, धंद्याच्या डब्यातून स्वतःला महिन्याचा पगार द्या आणि मग त्या डब्याला हात लावायचा नाही. कुठलं ट्रेनिंग घेतलंच तर मैत्रिणीला सोबत घेऊन जा, अहमदाबादला सेवा बँकेच्या ट्रेनिंगमध्ये मैत्रिणीसोबत आलेल्या बायकांनीच नंतर धंदा जास्त वाढवला होता.

प्रश्न : वसईला माझं कोरुगेटेड बॉक्स बनवायचं युनिट आहे. एक मोठी कंपनी चार-चार महिने पेमेंट देत नाही. कायद्याचं बोललो तर काम जाईल. (एक वाचक, वसई)

भाऊ, आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का बघा, फुकट होते, आधार-पॅनवर, एजंटला एक रुपया देऊ नका. माल द्यायच्या आधीची नोंदणी असली तर पुढचे वाद कमी. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण तुम्हाला भांडण नको आहे तर दुसरी वाट आहे : आयकराच्या ४३बी(एच) कलमाने १ एप्रिल २०२४ पासून आणलेल्या नियमामुळे वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी धरता येते. म्हणून मालकाला न सांगता त्यांच्या अकाउंट्स खात्याला जानेवारीतच उद्यम सर्टिफिकेटसह साधं पत्र पाठवा, थकलेल्या बिलांची यादी जोडून. त्यात धमकी नसते, मार्चच्या आधी त्यांचाच माणूस फाइल वर काढेल. हे उत्पादन आणि सेवेला लागू आहे, नुसत्या ट्रेडिंगला नाही. आणि कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन बाजारावर, नोंदणी बंधनकारक आहे, तिथे तुमचं बिल कंपनीने मान्य केलं की फायनान्सर बोली लावतात आणि पैसे लवकर हातात येतात.

आणि विक्रीचा निम्मा भाग एकाच पार्टीकडून येत असेल तर दुसरी शोधणं हेच आत्ताचं मुख्य काम.

प्रश्न : मी एम. कॉम. ला आहे, प्रादेशिक इनोव्हेशन सपोर्टवर प्रोजेक्ट करतेय. आयआयटीतल्या इनक्युबेटरमुळे भांडुपच्या गाळेवाल्याला काय मिळतं, हे कसं शोधू? (एक विद्यार्थिनी, मुलुंड)

बाळा, प्रश्न फार चांगला आहे, गाइडने बदलायला सांगितला तरी बदलू नकोस. पवईला आयआयटीचं साइन, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं इनक्युबेटर, २००४ पासून आहे, राज्यात स्टार्टअप धोरण आणि स्टेट इनोव्हेशन सोसायटी २०१८ मध्ये आली, निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी खात्यांत वर्क ऑर्डर मिळते, आणि मला ही ऑर्डरची कल्पना अनुदानापेक्षा जास्त आवडते, कारण पहिलं गिऱ्हाईक मिळणं हेच सगळ्यात अवघड असतं. पण हे सगळं नव्या कंपन्यांसाठी. १४ वर्षं जुन्या गाळ्याला यातलं काही थेट मिळत नाही, आणि तसे गाळे कितीतरी जास्त. २०१५-१६ च्या सरकारी पाहणीत देशात ६ कोटी ३३ लाखांवर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग निघाले, त्यात सूक्ष्म नसलेले साडेतीन लाख पण भरत नाहीत.

तर तू स्टार्टअप किती झाले ते मोजू नकोस, इनक्युबेटरमधल्या कंपनीने आपला प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, कोणाकडून बनवून घेतला ते विचार. तो पार्ट भांडुपला झाला की चीनहून आला? झाला असेल तर त्या गाळेवाल्याने त्या ड्रॉइंगमुळे नवीन काय शिकलं, कमी टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात अगदी कमी फरक चालेल असं, काम करायला लागला का, मोजायचं नवं साधन घेतलं का, तसलं काम मग दुसऱ्या पार्टीला दिलं का. ज्ञान असंच पसरतं म्हणतात, पण तारापूरच्या त्या अभ्यासात नव्या सवयी एकाच मालकाच्या दुसऱ्या प्लांटमध्ये गेल्या आणि शेजारच्या फर्ममध्ये फारशा गेल्या नाहीत, म्हणजे भिंतीला भिंत लागून आहे म्हणून आपोआप काही होत नाही.

वीस गाळे पुरेत, पण प्रत्येकाला दोनदा भेट, पहिल्यांदा कोणी खरं सांगत नाही. दुपारी चारनंतर जा, चहाच्या वेळेला. मालकासोबत फोरमनशी पण वेगळं बोल. आणि तुझ्या प्रश्नावलीत माझा एक प्रश्न घाल : गेल्या वर्षी मालक सलग किती दिवस गावाला गेला होता, आणि तेव्हा गाळा कोणी उघडला.