वाचकांचे प्रश्न: गाडीतला पखवाज का दबतो?

प्रश्न: माझ्याकडे २०२१ची एसयूव्ही आहे. कंपनीतूनच आठ स्पीकर आले आहेत, त्यातला सबवूफर डिकीच्या डाव्या पॅनलमागे आहे. अभंग लावला की टाळ कानात टोचतात आणि पखवाज मागेच राहतो. आवाज वाढवला तर आणखीच. दुकानदार म्हणतात, तो सबवूफर काढून त्याच जागी बाराशे वॉटचा बसवू, ॲम्प्लिफायर कंपनीचाच चालेल. करावे का? वॉरंटी जाईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नुसता सबवूफर बदलू नका. पैसे जातील आणि आवाज बहुधा आहे त्याहूनही कमी होईल. माझ्याकडे अशा गाड्या नेहमी येतात; नवा, जाडजूड सबवूफर बसवलेला असतो आणि मालक म्हणतो, जुनाच बरा होता.

असे का होते ते तुम्हाला घरीच तपासता येईल. डिकीचे पॅनल उघडा, सबवूफरचा कनेक्टर काढा आणि सबवूफरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर ओहमवर (विद्युत रोधाचे माप) ठेवून धरा. आकडा दीड-पावणेदोनच्या आसपास आला, तर तुमचा सबवूफर २ ओहमचा आहे. कंपनीच्या सिस्टिममध्ये असे कमी ओहमचे सबवूफर बरेच असतात, कारण ॲम्प्लिफायरला मर्यादित व्होल्टेजमध्ये जास्त ताकद काढायची असते. त्या जागी ४ ओहमचा लावला की व्होल्टेज तेवढेच, रोध दुप्पट, म्हणजे ताकद निम्मी. उलट फारच कमी ओहमचा लावला, तर ॲम्प्लिफायर तापून बंद पडेल किंवा जळेल. शिवाय बाजारातल्या जड सबवूफरला हलवायलाच जास्त ताकद लागते आणि मागे त्याच्या मापाची बंद पेटी लागते. पॅनलमागच्या कंपनीच्या डब्यात तेवढी हवा नसते.

बाराशे वॉट हा आकडा विसरा. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात ती क्षणभराची कमाल ताकद. दुकानात ‘आरएमएस किती?’, म्हणजे सतत झेपणारी ताकद किती, एवढेच विचारा.

तुमच्या पत्रातले ‘आवाज वाढवला तर आणखीच’ हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. कंपनीच्या बऱ्याच सिस्टिम आवाज वाढत जाईल तसा खालचा बास मुद्दाम कापतात, छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून वादक जो खोल नाद काढतो, नेमका त्यावरच घाला पडतो. टाळ मात्र वाढतच जातात. हे डोळ्यांनी बघायचे असेल तर कनेक्टर परत जोडा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सबवूफरच्या त्याच दोन टोकांवर धरा आणि फोनवरून ५० हर्ट्झचा सूर लावून आवाज १०, १५, २० असा चढवत प्रत्येक वेळी व्होल्ट लिहून ठेवा. मग १०० हर्ट्झचा सूर लावून तेच करा. सूर दोन-तीन सेकंदच वाजवा, कॉइल तापते. ५० हर्ट्झचा आकडा एका जागी थबकला आणि १०० हर्ट्झचा चढत राहिला, तर बास आधीच कापला जातोय. मग कितीही महागडा सबवूफर आणा, त्याच्यापर्यंत पखवाज पोचतच नाही.

मी तुमच्या गाडीत असे करीन. कंपनीचा सबवूफर जागेवरच ठेवीन, कारण काही गाड्यांत तो काढला की ॲम्प्लिफायर बिघाड समजून बसतो. डिकीत १० इंची सबवूफरची बंद पेटी, साधारण २० लिटरची, आणि तिला २५०–३०० वॉट आरएमएसचा स्वतंत्र मोनो ॲम्प्लिफायर. मोजणीत बास कापलेला निघाला, तर मध्ये डीएसपी (आवाजातले चढउतार दुरुस्त करणारे यंत्र) घालून तो भरून काढायचा. तुमच्या गाडीत इंजिनाची घरघर मारण्यासाठी माइक असतील, तर बसवणाऱ्याला आधीच सांगा. नवा सबवूफर आला की ती यंत्रणा गोंधळते आणि गाडीत सतत घूं असा आवाज येतो.

वायरिंगमध्ये काटकसर नको, इथे मी हट्टी आहे. बॅटरीपासून येणारी वायर शुद्ध तांब्याची, ८ गेजची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. तो ॲम्प्लिफायरपाशी लावला, तर मधली सगळी वायर फ्यूजशिवाय थेट बॅटरीवर राहते. ती कुठे पत्र्याला घासली की आगच. अर्थिंग डिकीतल्या पत्र्यावरचा रंग खरवडून घ्या. ते बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला थेट जोडू नका; हल्लीच्या गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचा हिशेब चुकतो.

वॉरंटीचा वाद बहुतेक वेळा कापलेल्या वायरींवरून होतो. तेव्हा तुमच्या मॉडेलचा तयार कपलर (मूळ कनेक्टरमध्येच बसणारा जोड) मिळवा, एकही मूळ वायर कापू देऊ नका, आणि सर्व्हिस सेंटरकडून वॉरंटीबद्दल आधी लेखी घ्या.

बसवल्यावर कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे सूर सबवूफरकडे जात नाहीत ती मर्यादा, ८० हर्ट्झवर ठेवा. ओळखीचा अभंग लावून फेजचे (सबवूफरची हालचाल उलटी करणारे) बटण दोन्हीकडे करून पाहा; ज्या बाजूला पखवाज पुढच्या सीटवर भरीव वाटेल, ती बाजू बरोबर. मागची नंबरप्लेट खडखडली तर पाठीमागे फोमची पट्टी लावा.

प्रश्न: छोट्या हॅचबॅकमध्ये सीटखालचा सबवूफर चालेल का? डिकी अडवायची नाही.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: चालेल. ८ इंचीचा, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला घ्या. पोट हलवणारा बास मिळणार नाही, पण तबल्याचा डग्गा नीट ऐकू येईल. घेण्याआधी सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून खालची मोकळी उंची मोजा. आणि तुमच्याकडच्या पावसात ओल्या चपलांचे पाणी गालिच्यात मुरते, म्हणून तो थेट गालिच्यावर ठेवू नका. ब्रॅकेटवर बोटभर उचलून बसवा.