पुरानंतर बहीण मधेच ‘हरवते’, हाक मारली तरी ऐकत नाही. हे नाटक आहे की अंगात येणं?

तुम्ही लिहिलंय, 2019 च्या पुरात निपाणीकडचं घर गेल्यापासून तुमच्या अक्का बसल्या जागी थिजतात, ओ देत नाहीत आणि नंतर ‘मी इथं नव्हतेच’ म्हणतात. मी डॉक्टर नाही. पण त्याच ऑगस्टात बेळगावच्या वडगावात आमच्या घराची भिंत रात्री अंगावर कोसळली, आणि तेव्हापासून हे मी भोगलंय. नाटक अजिबात नाही हे.

आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असतो. एकाएकी तो फार लांबून आल्यासारखा वाटायला लागतो. परातीत पीठ मळणारे हात माझे वाटत नाहीत. नवरा समोर बोलत असतो, ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. भीती नाही, रडू नाही, काहीच नाही. भाकरी करपल्याचा वास आला की कळतं, मधला वेळ गेला.

याला डिसोसिएशन म्हणतात. जीवावर बेतलेलं असतं, लढता येत नाही, पळताही येत नाही, तेव्हा मन माणसाला त्या जागेतून आतल्या आत बाजूला काढतं. त्या वेळी त्यानं जीव तगतो. अडचण पुढं होते: धोका टळला तरी पावसाचा जोर, चिखलाचा वास, कुणाचा चढलेला आवाज, एवढ्यावर मन पुन्हा तीच वाट धरतं. कुणाला स्वतःचं शरीर परकं वाटतं, कुणाला भोवतालचं जग खोटं, कुणाच्या आठवणीतला तुकडाच गायब होतो. पिएर जाने या फ्रेंच अभ्यासकानं 1889 सालीच यावर लिहिलं होतं. 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत आघातानंतरच्या आजाराचा हा वेगळा उपप्रकार नोंदलेला आहे. सिनेमात दाखवतात तसं एका माणसात अनेक माणसं, ते फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. अक्कांना तेच झालंय असं कुणी लगेच ठरवू नये.

अंगात येण्याचं म्हणाल, तर सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या पौर्णिमेला बाया घुमतात, त्याला कुणी आजार म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा परंपरेत मान्य असलेल्या अशा अवस्थेला आजार धरत नाही. अक्कांचं नको असताना येतं, कुठंही येतं, संसाराचं काम अडवतं. फरक तिथं आहे. देवाला जायचं तर जाऊ द्या, पण मारझोड, मिरचीची धुरी असलं काही करू देऊ नका. आघातावर आणखी आघात होतो तो.

त्या थिजल्या की गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. पुरातून वाचलेल्या माणसाला तर नकोच नको. शांतपणे नावानं हाक मारा: ‘अक्का, आपण स्वयंपाकघरात आहोत, आज गुरुवार, मी तुझा भाऊ.’ मग एकेक विचारा, पाय फरशीला लागलेत का, भिंतीचा रंग कोणता. हातात लिंबू द्या, वास घ्यायला सांगा. मला गार तांब्या हातात धरला की लवकर उमगतं. ‘त्या रात्री नेमकं काय झालं’ हे मात्र उकरून काढू नका. उपचारातही आधी झोप आणि धीर स्थिर करतात, आघाताबद्दल बोलणं त्यानंतर, जपून.

डॉक्टरला दाखवाच, कारण फिटचे काही प्रकार हुबेहूब असेच दिसतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. आपल्या भागाला धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था जवळ पडते. 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा चोवीस तास आहे. अक्कांना कन्नड येत असलं तरी असलं दुखणं आपल्या मराठीतच बाहेर पडतं. सोबत दोन्ही भाषा जाणणारं, त्यांना विश्वास वाटेल असं माणूस न्या, शक्यतो बाईमाणूस. जाण्याआधी वहीत लिहून ठेवा: केव्हा झालं, किती वेळ टिकलं, आधी काय चाललं होतं, डोळे उघडे होते की मिटलेले, हातपाय झटकले का, जीभ चावली का. घरच्यांना चालणार असेल तर मोबाइलवर थोडं चित्रण करा, अक्कांना विचारूनच.