शब्दांची उकल : ‘वार’ एक की अनेक?

प्रश्न (शहादा) : नातेवाईक सुरतला ‘शंभर वाराचा प्लॉट’ घेत आहेत. लुगड्याचा वार आणि हा वार एकच का? आणि तिथले दुकानदार ‘केटली वार लागशे’ म्हणतात, तो कुठला वार?

उत्तर : प्लॉटचा आणि लुगड्याचा वार एकच, तीन फुटांचा. फरक इतकाच की जमिनीच्या बाबतीत ‘शंभर वार’ म्हणजे शंभर चौरस वार. ‘चौरस’ बोलताना गळतो आणि घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडे नंदुरबार-जळगावात प्लॉट चौरस फुटात नाहीतर चौरस मीटरमध्ये सांगतात, त्यामुळे कानावर पडलेले शंभर वार मनात शंभर चौरस मीटर होऊन बसतात. हिशोब असा : १ चौरस वार = ९ चौरस फूट = ०.८३६१ चौरस मीटर. म्हणजे शंभर वार ९०० चौरस फूट, ८३.६१ चौरस मीटर. शंभर मीटर समजून भाव ठरवला तर सुमारे १७६ चौरस फूट जागा हवेतच राहते. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणून बरोबर १२१ वारांचा. सौदा तोंडी वारात झाला तरी कागदावर चौरस मीटरचा आकडा पाहा आणि त्याला ०.८३६१ ने भागून वार काढा. सांगितलेले वार आणि हे वार जुळले पाहिजेत.

कापडालाही तोच नियम. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. कुणी ‘आठ मीटर म्हणजे नऊवारीच’ म्हणून लुगडं दिलं तर ते २३ सेंटिमीटरने, म्हणजे वीतभर, तोकडं आहे. कासोट्याला ही वीत जाणवते.

हा वार पोर्तुगीजांकडचा. त्यांच्या भाषेत ‘व्हारा’ म्हणजे काठी, आणि मोजायची काठी म्हणून लांबीचं मापही. वसई-दमणच्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल होता. मराठीत आणि गुजरातीत तो ‘वार’ झाला. पण पोर्तुगीज व्हारा १.१० मीटरचा होता आणि आपला वार ०.९१४४ मीटरचा, म्हणजे इंग्रजांचा यार्ड. नाव एकाचं राहिलं, लांबी दुसऱ्याची आली. स्पेनमधला व्हारा आणखी वेगळा, साधारण ८३.६ सेंटिमीटरचा.

‘केटली वार लागशे’ मधला वार मापाचा नाही. गुजरातीत ही वार म्हणजे वेळ, उशीर. ‘किती वेळ लागेल’ एवढाच त्याचा अर्थ. ओळखायची खूण ‘वार’च्या आधीच्या शब्दात आहे : ‘कयो वार’ म्हटलं तर आठवड्याचा दिवस, ‘केटली वार’ म्हटलं तर वेळ किंवा खेप, ‘केटला वार’ म्हटलं तर कापड नाहीतर जमीन. वार तोच दिसतो, लिंग-वचन बदलतं.

प्रश्न (अमळनेर) : सोमवार, उमेदवार, तलवार या तिन्हींत ‘वार’ आहे. मूळ एकच समजावं का?

उत्तर : नाही, तिन्ही वेगळे आहेत.

सोमवारातला वार संस्कृत. त्याचा मूळ अर्थ पाळी, खेप. ‘वारंवार’ म्हणजे खेपेमागून खेप. हिंदीत ‘व’चा ‘ब’ होऊन ‘बार-बार’. गरीब विद्यार्थी पूर्वी ‘वार लावून’ जेवत, म्हणजे आज एका घरी पाळी, उद्या दुसऱ्या घरी. आठवड्यातले दिवसही ग्रहांच्या पाळ्याच आहेत. मंद गतीकडून शीघ्र गतीकडे ग्रहांचा जुना क्रम असा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरांवर, म्हणजे तासांवर, हे सात ग्रह याच क्रमाने राज्य करतात, आणि पहिल्या होरेचा जो स्वामी त्याचं नाव दिवसाला. चोवीस भागिले सात, बाकी तीन. म्हणून दुसऱ्या दिवशीची पहिली होरा तीन घरं पुढच्या ग्रहाकडे जाते. शनीपासून तीन पुढे रवी, तिथून तीन पुढे चंद्र, मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र. बोटांवर मोजून पाहा, शनिवारनंतर रविवारच का ते लगेच कळतं. वाराची जुनी लेखी नोंद मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या गुप्त राजा बुधगुप्ताच्या स्तंभलेखात आहे, इ.स. ४८४ ची. वार गुरुवार, पण शब्द ‘सुरगुरूचा दिवस’ असा. ‘वार’ तिथे नाही.

खान्देशात ‘आज कोनता वार शे?’ याला रविवारी ‘आइतवार’ हे उत्तर अजून ऐकू येतं. त्याला अशुद्ध म्हणू नये. ते थेट ‘आदित्यवारा’वरून आलं, हिंदी ‘इतवार’ही तिथूनच. उर्दूतलं ‘एतबार’ मात्र अरबी, अर्थ भरवसा. त्याचा आठवड्याशी संबंध नाही.

उमेदवारातला ‘वार’ फारसी प्रत्यय आहे : उमेद बाळगणारा तो उमेदवार. तपशीलवार, जिल्हावार, रयतवारी यांतही तोच. तलवार तर तोडायचीच नाही. ती संस्कृत ‘तरवारि’वरून अख्खी आली. ‘तलवारीचा वार’ हा निव्वळ नादाचा योगायोग.

प्रश्न (चाळीसगाव) : गाय व्याल्यावर ‘वार पडली’ म्हणतात, कुणी ‘जार’ म्हणतं. बरोबर काय?

उत्तर : दोन्ही. ‘जार’ संस्कृत ‘जरायु’शी जोडलेला, ‘वार’ स्त्रीलिंगी. वाराच्या बाकी मराठी अर्थांत पुल्लिंग चालतं, म्हणून ‘वार पडला’ आणि ‘वार पडली’ यांत गोंधळ होत नाही.

शब्दापेक्षा गाय महत्त्वाची, म्हणून थोडं पुढचं. वार साधारण आठ तासांत पडते. बारा तास उलटले तर ती अडकली समजा आणि पशुवैद्यकाला बोलवा. लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नका, ओढू नका : ती गर्भाशयाला गाठींनी धरलेली असते, ओढताना तुटते, रक्तस्राव होतो, आत राहिलेला तुकडा सडतो. ताप, घाण वास, वैरण न खाणं यातलं काही दिसलं तर बारा तासांचीही वाट पाहू नका. पडलेली वार गाईला खाऊ देऊ नका, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. हातमोज्याशिवाय हात लावू नका, विशेषतः गाय दिवस भरायच्या आधी गाभडली असेल तर. ब्रुसेलोसिस हा रोग अशाच वारेतून माणसाला लागतो.

प्रश्न (जळगाव) : जर्मन शिकतो आहे. तिथेही ‘वार’ भेटला!

उत्तर : ‘इख वार’ म्हणजे ‘मी होतो’. तो क्रियापदाचा भूतकाळ, आपल्या कुठल्याच वाराचा सोयरा नाही. हंगेरीच्या नकाशात तर कापोशवार, सेकेशफेहेरवार अशी गावं सापडतील. तिथे वार म्हणजे किल्ला. पंजाबीत वार हे वीरश्रीचं दीर्घ काव्य. इंग्रजीतलं युद्ध मात्र ‘वॉर’ लिहा, चंद्र सोडू नका.