अडचणीतल्या माणसाला काय म्हणावं?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सहकाऱ्याची नोकरी गेली, त्याचे वडील इस्पितळात, आणि चिनी नववर्ष तोंडावर. हाँगकाँगात त्याला तिथल्या कँटनीज भाषेत काय म्हणू, असं विचारलंस. 'कुंग हेइ फात छोइ' सगळेच म्हणतील, पण भरभराटीची ती शुभेच्छा पगार थांबलेल्याला तू कशाला देतोस? 'सान थाइ किन होंग' म्हण, प्रकृती ठणठणीत राहो. एरवी गुळगुळीत वाटतं, पण २००३ साली सार्सच्या साथीने त्या शहरातली २९९ माणसं नेली. ते साल पाहिलेल्यांना त्याची किंमत कळते.

वडिलांसाठी 'फुंग हुंग फा कात' चालेल, संकट आलं तरी त्याचं शुभ होवो. 'फेइ किक थाइ लोइ' मात्र जपून. ते 'ई चिंग' या प्राचीन चिनी शकुनग्रंथातलं: बारावी आकृती कोंडीची, अकरावी सुबत्तेची, कोंडी टोकाला गेली की सुबत्ता येते. ऐकायला भारदस्त, पण टोक आलंय हे तू कोण ठरवणार? 'मा सेइ लोक तेइ हांग', घोडा मेला तर उतरून चालायचं, हे तर त्यानेच स्वतःबद्दल म्हणावं. दुसऱ्याने म्हटलं की उपदेश होतो.

तोंडून काही अभद्र निघालं, तर कुणीतरी झटकन 'ताइ कात लेइ सी!' म्हणेल. आपलं 'शुभ बोल नाऱ्या' समज आणि पुढे बोल.

नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊ नकोस. तो भांडणाचा दिवस मानतात, म्हणून पाहुणचार टाळून लोक शा तिन भागातल्या चे कुंग मंदिरात गर्दी करतात. तिथलं पितळी भिरभिरं फिरवलं की नशीब पालटतं अशी श्रद्धा. (२००३ मध्ये शहराच्या नावाने तिथे काढलेली भविष्याची कांडी अशुभ निघाली होती, लोक अजून ते उकरून काढतात.) बाहेर कागदी भिरभिरी मिळतात, त्यातलं एक त्याच्यासाठी घे. न बोलता बरंच सांगून होईल.

इस्पितळातून निघताना 'चोइ किन', पुन्हा भेटू, बरेच जण टाळतात. दुखवट्याच्या घरून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही, तसंच.

आणि माझी ही देवनागरी वाचून थेट बोलायला जाऊ नकोस. कँटनीजचे सहा सूर हिच्यात मावत नाहीत. आधी तुमच्या खालच्या छा छान तेंगमधल्या, म्हणजे चहा-खाण्याच्या हॉटेलातल्या, मावशींना म्हणून दाखव. हसल्या तर हसू दे.