अकरावीत विमानविद्येचा विशेष वर्ग घ्यावा का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावी झाली. लहानपणापासून तिला वैमानिक व्हायचे आहे. माझ्या नणंदेचा मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला शाळेतच विमानविद्या हा विषय शिकतो, हे कळल्यापासून तर तिने ध्यासच घेतला आहे. आमच्याकडच्या एका खासगी शाळेने अकरावी-बारावीसाठी ‘एव्हिएशन’चा विशेष वर्ग काढला आहे. दर शनिवारी सिम्युलेटरवर सराव आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. फी मात्र नेहमीच्या दुप्पट आहे. मुलगी गणितात जेमतेम असल्याने गणिताऐवजी ‘एव्हिएशन मॅनेजमेंट’ घ्यावे, असे शाळा सुचवते. तिला चष्माही आहे. तिच्या बाबांचे म्हणणे असे की, आधी बारावी होऊ द्या, मग बघू. आम्ही काय करावे?
— सौ. स. क., लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : सौ. स. क. यांस सप्रेम नमस्कार.

विशेष वर्गाचा निर्णय नंतर घेतला तरी चालेल, पण गणित कोणत्याही परिस्थितीत सोडू देऊ नका. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, ही अट वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती शिथिल करण्याचा विचार मध्यंतरी झाला. परंतु अशा चर्चेच्या भरवशावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा विषय बदलणे मला मुळीच पटत नाही. गणित सुटलेली मुले पुढे मुक्त विद्यालयातून तो विषय देतात खरी, पण ज्यांना शाळेतच तो शिकण्याची सोय आहे त्यांनी हा वळसा का घ्यावा?

पर्थची गोष्ट वेगळी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात विमानविद्या हा शेवटच्या दोन वर्षांच्या सरकारी अभ्यासक्रमातलाच एक विषय असून त्याचे गुण विद्यापीठ प्रवेशासाठी धरले जातात. न्यूयॉर्कच्या एव्हिएशन हायस्कूलमधली मुले तर शाळेतच विमानदुरुस्ती शिकून तिथल्या सरकारी परवान्याच्या परीक्षेला बसतात. आपल्याकडच्या खासगी शाळेने स्वतः दिलेल्या प्रमाणपत्राला डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी असे स्थान नाही. सीपीएलला लागणारे 200 तासांचे उड्डाण मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतच करावे लागते. शाळेतल्या सिम्युलेटरवर घालवलेले शनिवार त्यात मोजले जात नाहीत.

तेव्हा तिच्या ध्यासाला गणित आणि भौतिकशास्त्राचीच जोड द्या. तिला इंदूरच्या विमानतळाचेच उदाहरण सांगा. तिथल्या धावपट्टीच्या एका टोकाला 07 आणि दुसऱ्या टोकाला 25 असे आकडे आहेत. विमान 25 वर उतरत असेल, तर ते होकायंत्रावर साधारण 250 अंशांच्या दिशेने येत असते. समजा, पावसाळी वारा 280 अंशांकडून 20 नॉट वेगाने वाहतो आहे. दोहोंतला कोन 30 अंश, त्याचा साइन अर्धा, म्हणून विमानाला आडवा ढकलणारा वारा 10 नॉटचा. अकरावीची त्रिकोणमिती वैमानिक दर उतरणीला वापरतो ती अशी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,850 फूट उंच आहे; मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला की इथली हवा जवळजवळ साडेपाच हजार फुटांवर असावी तितकी विरळ होते, त्यामुळे तेवढेच ओझे घेऊन उडायला विमानाला अधिक लांब धाव घ्यावी लागते. हे कळल्यावर वायूंचे नियम तिला कोरडे वाटणार नाहीत. गणितात जेमतेम असलेली मुले कारण कळले की सुधारतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दुप्पट फीतला काही भाग चांगल्या गणिताच्या शिकवणीला दिलात, तर तो अधिक कामी येईल.

चष्म्याने घाबरून जाऊ नका. चष्मा लावून दृष्टी आवश्यक तितकी स्पष्ट होत असेल, तर तेवढ्या कारणावरून सहसा नकार मिळत नाही. रंगांधत्व मात्र अनेकांना ऐनवेळी कळते, आणि तोवर घरच्यांचे पैसे गुंतलेले असतात. म्हणून कोणतीही मोठी फी भरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून रंगदृष्टीची चाचणी करून घ्या. पुढे डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून दुसऱ्या वर्गाची आणि त्यानंतर पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी होते. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना 16 व्या वर्षी आणि सीपीएल 18 व्या वर्षी मिळू शकते, त्यामुळे घाईचे कारण नाही.

बाबांची काळजी बहुधा पैशांची असावी, आणि ती रास्त आहे. सीपीएलचा खर्च आज 40-50 लाखांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक जातो, आणि विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण पुन्हा वेगळे. परंतु बारावीनंतरच सारे पाहायचे म्हटले, तर विषय हातचे गेलेले असतील. म्हणून विषयांपुरता निर्णय आत्ताच घ्यावा लागेल. शिवाय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतल्याने विमान देखभाल अभियंता होण्याची वाट खुली राहते, आणि पदवीनंतर हवाई वाहतूक नियंत्रणाची परीक्षाही देता येते. खडकवासल्याच्या एनडीएचे दारही मुलींना आता उघडे आहे. तिथून 2025 च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. हवाई दलासाठी तिथेही हेच तीन विषय लागतात, आणि निवड झाल्यास प्रशिक्षणाचा भार घरावर पडत नाही.

हे सारे मुलीला झेपेल का, अशी शंका नातलग काढतील, तेव्हा त्यांना कॅप्टन सौदामिनी देशमुखांचे नाव सांगा. 1985 मध्ये इंडियन एअरलाइन्सचे फोकर फ्रेंडशिप विमान त्यांनी कोलकात्याहून सिल्चरला नेले, आणि त्यावरचे सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या.

आणखी एक गोष्ट दुर्लक्षित राहते. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्या इंदूरच्या मुलांना रेडिओवरचे इंग्रजी न अडखळता ऐकता आणि बोलता आले पाहिजे. त्याची वेगळी परीक्षा असते आणि त्यात किमान चौथी पातळी गाठावी लागते. त्याचा सराव आत्तापासून घरीच करता येईल.

विशेष वर्गाविषयी शाळेला विचारा की, गणित कायम ठेवून फक्त शनिवारच्या वर्गाला येता येईल का, आणि त्याची वेगळी फी किती. तसे जमत असेल, ती रक्कम झेपणारी असेल आणि प्रयोगशाळेचे तास बुडत नसतील, तर तिला जाऊ द्या. सिम्युलेटरवर बसण्याचा आनंद तिने घ्यायलाच हवा. शाळा गणिताबाबत अडून बसली, तर नेहमीच्या विज्ञान शाखेतच प्रवेश घ्या.